डाव्या दाराचं हँडल

"करून देणार की नाही, तेवढं सांगा."

बाबालाल वस्ताद समोरच्या माणसाच्या सदऱ्याकडे पाहत होते. सदरा पिळून काढावा इतका घामाने भिजला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल मुल्लाणींना सगळे वस्ताद म्हणत. आयुष्यात कधी लाल मातीला पाय लावला नव्हता, तरी वस्तादच. ज्या पार्टपुढे कंपनीने हात वर केले, तो पार्ट त्यांच्या लेथवर हमखास तयार व्हायचा. लांबलांबून माणसं यायची. त्यातले बरेच जण गाडी घेऊन यायचे आणि सोबत थोडी घमेंडही.

आज आले होते साताऱ्याचे सुधाकरराव वाळिंबे. साखर कारखान्यातून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

वाळिंब्यांच्या तळहातावर दाराची काच वरखाली करायचं एक छोटं हँडल होतं. कल्हईच्या भांड्यासारखं चकचकीत. आतले दाते मात्र पार झिजलेले.

"ड्रायव्हरच्या बाजूचं. हँडल नुसतंच फिरतं, काच ठरत नाही. खाली घसरते. पाचर मारून बंद करून ठेवलीय."

"कंपनी काय म्हणती?"

"कंपनीचं पत्र आलं. या मॉडेलचे पार्ट आता मिळणार नाहीत. यादीच बंद केली." वाळिंब्यांनी हँडल तळहातावर फिरवलं. "दोन वर्षं शोधतोय. बेल्जियममध्ये एक म्हातारा होता, त्याच्याकडे हीच गाडी. पंधरा वर्षं आम्ही एकमेकांना पार्ट पाठवत होतो. कधी भेट नाही, पण पत्रव्यवहार चालू. दिवाळीत त्याच्या मुलीची ईमेल आली. बाबा गेले, गॅरेज रिकामं केलं म्हणून."

"काय झालतं त्यास्नी?"

"ते विचारलं नाही. हँडल मिळालं होतं का, तेवढं विचारलं."

...

वस्तादांनी हँडल उन्हात धरून पाहिलं आणि परत दिलं.

"गाडी कुठाय?"

गाडी बाहेर गुलमोहराच्या सावलीत उभी होती. दोनच माणसांची स्पोर्ट्‌स कार, मोरपिशी निळी. वाळिंब्यांचा जीव तिच्यात होता, आणि हे त्यांना ठाऊक होतं. घरात आता बोलायला दुसरं कुणी नव्हतं. रोज सकाळी ते गॅरेजचं दार उघडत, तिला फडक्याने पुसत आणि एखादा शब्द तिच्याशीच बोलत. आज हँडल गेलं. उद्या दुसरं काही जाईल. एकेक करून ही गाडी थांबली, की मग सकाळी उठायचं कशासाठी, हे त्यांना कळत नव्हतं. त्या विचाराची त्यांना भीती वाटायची.

वस्ताद गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"साताऱ्यापासनं काच बंद करून आलासा?"

"हो."

"ह्या उन्हात?"

"पाचर आहे म्हणून सांगितलं ना!"

"आन डावी?"

"डावीचं काय?"

"डावी काच उघडती का न्हाई?"

"उघडते की. उत्तम उघडते."

"मग?"

वाळिंब्यांनी कपाळाचा घाम पुसला.

"ती... वापरत नाही."

"का वो?"

"झिजेल."

वस्ताद हसले नाहीत. दुसरा कुणी असता तर खो खो हसला असता.

त्यांनी डावं दार उघडलं. गाडी घेऊन चाळीस वर्षं झाली होती, तरी त्या बाजूला अजून नव्या चामड्याचा वास होता. उजवी सीट बसून बसून खोल गेली होती. डावीवर एक सुरकुती नव्हती. वस्तादांनी डाव्या दाराचं हँडल अर्धं फिरवलं. घट्ट होतं, पहिल्या दिवसासारखं.

"ह्येच की तुमचं हँडल. दोन्हीकडं एकच बसतंय. हितनं काढायचं, तितं लावायचं. पाच मिनटाचं काम."

वाळिंबे भडकले. "आणि डावीकडे? तिथे काय भोक ठेवू? एवढं मलाही सुचलं असतं, वस्ताद. त्यासाठी सव्वाशे किलोमीटर आलो नाही मी. गाडी अपुरी दिसेल!"

"कुणाला?"

...

"हिकडं बसतं कोण?" वस्तादांनी डाव्या सीटकडे बोट केलं.

"कुणी नाही."

"कवापासनं?"

वाळिंबे खिशातलं फडकं काढून दाराची कड पुसू लागले.

"बसा," वस्ताद म्हणाले.

"मी? इकडे?"

"गाडी तुमचीच न्हवं?"

वाळिंबे बसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. समोर स्टिअरिंग नाही, पायाखाली ब्रेक नाही. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. पाहुण्यासारखे.

आणि मांडीवर नजर जाताच त्यांना लाडवांचा डबा आठवला.

गाडी नवी कोरी होती, आणि कऱ्हाडला बायकोच्या, कुमुदच्या, धाकट्या बहिणीचं लग्न होतं. कुमुद नवी साडी नेसून, रुखवताच्या लाडवांचा डबा कडेवर घेऊन गाडीजवळ आली होती. डब्याला बाहेरून तूप लागलं होतं. "चामड्यावर डाग पडेल," ते म्हणाले होते. तिने डबा सावरला आणि ती मागे वळली. एकाच घरातून, एकाच लग्नाला दोघं गेले. हे गाडीने, ती एस.टी.ने. मांडवाच्या दारात त्यांनी गाडी उभी केली, तेव्हा माणसं गाडीभोवती गोळा झाली. ती दोन तासांनी आली. डबा तसाच कडेवर.

त्यानंतर तिने गाडीत बसायचं नाव काढलं नाही. त्यांनीही कधी बस म्हटलं नाही. उद्या म्हणू, असं मात्र अनेकदा मनात आलं होतं. तिला जाऊन आता चार वर्षं झाली.

इथे बसली असती, तर तिचा हात याच हँडलवर आला असता. काच खाली केली असती तिने. तिला वारा आवडायचा.

वाळिंब्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

वस्ताद दारापाशी उभे होते. त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

वाळिंब्यांच्या आवाजातला सगळा तोरा गेला होता.

"काढा, वस्ताद. काढा ते हँडल, उजवीकडे लावा. बरोबर आहे तुमचं. इकडे आता कोण बसणार आहे..."

वस्तादांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला. हँडलच्या स्क्रूवर टेकवला.

...

मग तो परत खिशात ठेवला.

"उठा."

वाळिंबे उठले. वस्ताद दुकानात गेले. लेथ बंद केला, टोपी डोक्यावर ठेवली, शटर ओढून कुलूप घातलं. वाळिंब्यांना वाटलं, संपलं. नाही म्हणून सांगायची ही त्यांची रीत असावी. ते मुकाट्याने उजव्या बाजूला जाऊन आपल्या जागेवर बसले. आता साताऱ्यापर्यंत तोच रस्ता, तीच बंद काच.

इतक्यात डावं दार उघडलं, आणि बाबालाल वस्ताद ग्रीसने माखलेल्या पायजम्यासकट त्या कोऱ्या चामड्यावर बसले. चांगले ऐसपैस.

वाळिंब्यांचा हात खिशातल्या फडक्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"घराकडं सोडा मला," वस्ताद म्हणाले. "लांब न्हाई. कळंब्याला."

"आणि... हँडल?"

वस्तादांनी डाव्या दाराचं हँडल धरलं आणि फिरवायला लागले. चाळीस वर्षं जवळजवळ न उघडलेली काच कुरकुरत खाली गेली. वारा आत आला. वस्तादांच्या दाढीवरून पुढे येऊन तो वाळिंब्यांच्या भिजलेल्या सदऱ्याला लागला.

"ह्ये झिजलं की या," वस्ताद म्हणाले. "मग दोन्ही संगंच करून देतो."