रेशमाचा निरोप

मोटारींना मज्जाव असलेल्या एका डोंगरगावात एकदा एक वृद्ध पशुवैद्य राहत असत. सारे त्यांना अप्पा म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुक्ता आता स्वतः डॉक्टर झाली होती. तरी अवघड प्रसंगी ती त्यांनाच विचारी.

एका सकाळी कासमभाईंची घोडी घाटात घसरली. रेशमा तिचं नाव. वय चोवीस. पुढचा पाय नडगीतून पार मोडला होता. अप्पांनी तपासलं आणि मान हलवली. हे हाड आता जुळणार नव्हतं.

लोक जमले. बाहेरगावचा एक व्यापारीही आला. म्हणाला, "भाई, मला द्या. मेल्यावर कातडं, मांस वाया कशाला घालवता? खाली ट्रक उभा आहे. दोन दिवसांत कत्तलखान्यात पोचेल."

"जिनं जन्मभर पोसलं, तिला कापायला देता?" गावातले एक वयस्कर गृहस्थ संतापले. "त्यापेक्षा दरीकडे मोकळी सोडा. देव नेईल तेव्हा नेईल. आपल्याला पाप नको."

मुक्तालाही ते पटलं. पण अप्पांनी व्यापाऱ्याला हात जोडून परत पाठवलं, दरीचं नावही काढू दिलं नाही, आणि ते तिला म्हणाले, "औषधाची पेटी आण. शेवटचं इंजेक्शन द्यायचं आहे."

मुक्ता जागची हलली नाही. "तुम्ही मला जीव वाचवायला शिकवलंत, अप्पा."

अप्पा उठले. स्वतः जाऊन पेटी घेऊन आले. आधी त्यांनी वेदना शमवणारं औषध दिलं. रेशमाचा श्वास संथ झाला. मग ते कासमभाईंना म्हणाले, "डोकं मांडीवर घ्या. बोला तिच्याशी."

कासमभाई बोलू लागले. पाण्याच्या पखाली वाहिल्या ते दिवस, लेकीला पाठीवर बसवून शाळेत नेलं ते दिवस, भर पावसात एका अडलेल्या बाईला दवाखान्यात उतरवलं ती संध्याकाळ. मघाचे संतापलेले गृहस्थ पुढे झाले. "ती बाई माझी सून होती," ते म्हणाले, आणि त्यांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. अप्पांनी शेवटचं इंजेक्शन दिलं. कासमभाईंचा आवाज ऐकत ऐकतच रेशमाचे डोळे मिटले.

माणसं पांगल्यावर मुक्तानं विचारलं, "शेवटी मारलंच ना? मग व्यापाऱ्यात आणि आपल्यात फरक काय?"

अप्पा म्हणाले, "मरण तर तिन्ही वाटांनी होतं, बाळ. ट्रकमध्ये ती मोडक्या पायावर दोन दिवस उभी राहिली असती, आपल्या लाभासाठी. दरीत आठवडाभर तडफडली असती, आपल्या पुण्यासाठी. दोन्हीकडे यातना तिच्या आणि सोय आपली. केवळ तिच्याकडे पाहून ठरवायचं, तर एवढंच उरत होतं. माझे हात स्वच्छ राहिले, असं मी म्हणत नाही. आज मला जेवण जाणार नाही. पण कधी कधी हात स्वच्छ ठेवण्याचा मोह हीसुद्धा निष्ठुरताच असते."

मुक्तानं औषधाची पेटी बंद केली. मग ती कासमभाईंजवळ जमिनीवर बसली. "चाचा," ती हळूच म्हणाली, "रेशमा तुमच्याकडे आली तेव्हा केवढी होती?"

कासमभाईंनी आपल्या कमरेइतका हात उंचावून दाखवला, आणि ते सांगू लागले.