नदीची साक्ष

उद्या दुपारपर्यंत नदीला दरबारात साक्षीला उभी कर, नाही तर गाठोडं उचलून राज्याबाहेर चालती हो, असा हुकूम राजा चंद्रवर्म्याने येसू परटिणीला सोडला.

बिचारीचा गुन्हा काय? कापड रंगवायच्या सरकारी कारखान्याने सगळ्यांत जास्त नफा कमावला, म्हणून कारभारी नागोजी शेट्यांच्या हातात राजा सोन्याचं कडं घालत होता. तेवढ्यात येसू मध्येच बोलली, की हा हिशेब अर्धाच आहे; रंगाच्या पाण्याने नदीची जी वाट लागली, ती यात कुठेच धरलेली नाही. शेटे म्हणाले, नदीची तक्रार असेल तर नदीने यावं. राजाला ते भारी आवडलं.

दुसऱ्या दिवशी येसू एकटीच आली. म्हणाली, साक्षीदार आजारी आहे, जागचं हलवत नाही. जबाब घ्यायला दरबारातूनच कुणीतरी पाठवा. फक्त तो खोटं बोलणारा नको आणि लाच खाणारा नको.

राजाने दरबारावर नजर फिरवली. प्रधानजी छत न्याहाळू लागले, सेनापती मिशा विंचरू लागले, कोतवालाला खोकल्याची उबळ आली. असा एकच आहे, राजाने कबूल केलं. त्याचा पांढराशुभ्र घोडा, कापूर!

राजाच्याच मोतद्दाराने घोडा नेला, कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीत मनसोक्त डुंबवला आणि दरबारात आणून उभा केला. मान जांभळी, पोट हिरवं, शेपटी गुलाबी! घोड्याने अंग झटकलं आणि प्रधानजींच्या धोतराची रंगपंचमी झाली.

राजा लालबुंद झाला.

"महाराज, त्यात काय एवढं?" शेटे पुढे सरसावले. "धुतला की निघेल."

"निघेल की," येसू म्हणाली. "पण शेटे, धुवायचा कुठल्या पाण्यात?"

राजाच्या मिशीचं टोक हललं, मग पोट हललं, मग सिंहासनच गदगदू लागलं. हसता हसता मुकुट घरंगळत पायरीवर गेला.

डोळे पुसत त्याने येसूला नदीकाठची जमीन इनाम दिली आणि कारखान्यांची तपासनीस नेमलं.

"यापुढे आधी कापूरची अंघोळ," राजा म्हणाला. "घोडा पांढरा परत आला, तरच नफ्याचे आकडे ऐकू!"