मोठ्या गळ्याचा राखणदार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. राजा हत्तीवरून फिरायचा आणि रयतेच्या घरोघरी कॉम्प्युटर होते, असा तो काळ. असा काळ होता तरी कधी, म्हणून विचारू नका. गोष्ट ऐकायची तर गपचूप बसा, नाहीतर उठा नि कामाला लागा.

तर त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. शिवारभर ज्वारी. कणसात दाणे भरले की पाखरांची धाड पडायची, म्हणून दर साली गाव एक राखणदार नेमायचं. नेमायची रीत मोठी मजेची. एकेक जण चावडीपुढे उभा राहायचा आणि ओरडायचा. ज्याच्या आरोळीने पिंपळावरची सगळी पाखरं उडतील, त्याला शेतातल्या माळ्यावर चढवायचं. "ज्याचा गळा मोठा, त्याची राखण चोख," असं तिथली शेंबडी पोरंसुद्धा म्हणायची. पाखरांच्या बाबतीत ते खरंही होतं.

या गावात एक म्हातारी सुईण राहायची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं, कारण अर्ध्या गावाला पहिल्यांदा हातात घेतलं होतं ते तिनेच. कोणाचं मूल पायाळू जन्मलं, कोणत्या बाळंतिणीला काय मानवलं, काय बाधलं, सगळं एके काळी तिच्या तोंडपाठ होतं. पण वय झालं, विसर पडू लागला. मग तिने एका बोटाने टिपत टिपत तीस वर्षांची हकिकत कॉम्प्युटरमध्ये उतरवली. दुसरीकडे कुठेच ती लिहिलेली नव्हती. "माझं डोकं आता या डब्यात आहे गं बाई," असं ती हसून सांगायची.

त्या साली कुंभाराच्या सुनेला नववा महिना लागला होता. मागच्या खेपेला कळांच्या काढ्यातली एक मुळी तिला अशी बाधली की श्वासच कोंडला. सून मरता मरता वाचली. काढ्यात मुळ्या सात. त्यातली बाधली कोणती, हे मावशीला आता आठवत नव्हतं, आणि बाकी कोणाला मुळ्यांची नावंही ठाऊक नव्हती. ते फक्त डब्यात होतं.

अशात राजाची दवंडी आली. "ऐका हो ऐका! पत्रांच्या आडून चोर घरात शिरताहेत. धान्याला हात लावत नाहीत, कॉम्प्युटरात लिहिलेलं नासवतात. ज्याने त्याने आपल्या घरी अँटीव्हायरस बसवून घ्यावा!"

मावशीला आधी आपला डबा आठवला. ती तशीच बाजारात गेली. तिथे दोघे अँटीव्हायरस विकायला बसले होते.

पहिला शांत माणूस होता. म्हणाला, "मावशी, माझा राखणदार रोज सकाळी नव्या चोरांची माहिती करून घेतो. आलेलं पत्र उघडण्याआधी तपासतो. चोर दिसला की दारातच अडवतो. महिनाभर वापरून बघा, मगच ठरवा."

"ओरडतो का?" मावशीने विचारलं.

"गरज पडली तर. एरवी बोलत नाही."

"अरे देवा! मग तो जागा आहे की झोपलाय, हे मला कळायचं कसं?"

गर्दी खो खो हसली. दुसऱ्याने तेवढ्यात आपला माल सुरू केला. लाल अक्षरं, कर्णा, वर "सावधान! सावधान!" अशी बोंब. पिंपळावरची पाखरं उडाली. झालं! गावाने माना डोलावल्या आणि मावशीने तोच घरी नेला.

आता त्या बिचारीला काय हसायचं? सगळं गाव जे करत आलं, तेच तिने केलं.

पहिल्या दिवशी राखणदार चाळीसदा ओरडला. भाचीचं पत्र आलं, सावधान! नातवाचा फोटो आला, सावधान! मावशी प्रत्येक वेळी दचकायची, हात जोडायची, देवाचं नाव घ्यायची. तिसऱ्या दिवशी तिचे कान किटले. पाचव्या दिवशी ती "असू दे" असं लिहिलेलं बटण न वाचताच दाबायला शिकली.

आठव्या दिवशी एक पत्र आलं. "तुमच्या हातून सुटलेल्या प्रत्येक बाळंतिणीला राजाकडून बाळंतविडा. यादी इथे उघडा." मावशीला केवढा आनंद झाला! राखणदार ओरडला, पण तो तर रोजच ओरडायचा. "मेल्या, गप बैस," म्हणत तिने "असू दे" दाबलं आणि यादी उघडली.

बघता बघता तीस वर्षांच्या अक्षरांचा भुगा झाला. एक ओळ वाचता येईना.

ती डोक्याला हात लावून बसली होती, तोच कुंभाराचा मुलगा धापा टाकत आला. "मावशी, लवकर चला! कळा सुरू झाल्या."

कळा सुरू झाल्या खऱ्या, पण मंदावल्या. अशा वेळी काढा दिला की घटकाभरात सुटका व्हायची. सातही मुळ्या मावशीने पदरात आणल्या होत्या. तिने त्या पुन्हा पुन्हा हुंगल्या, आठवून पाहिलं, रडून पाहिलं. शेवटी त्या बाजूला ठेवल्या आणि सुनेचा हात हातात घेऊन बसली. जे घटकाभरात व्हायचं, ते दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर झालं. बाळ रडलं. आईच्या अंगात मात्र डोळे उघडण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "मावशी, काढा का नाही दिलात?"

मावशीने काही लपवलं नाही. बाजार, कर्णा, "असू दे", सगळं सांगितलं.

सुनेने बाळाला जवळ ओढलं. मग म्हणाली, "तुम्ही भ्यालात, म्हणून ओरडणाऱ्याला घरात घेतलंत. मी तुम्हाला बोल लावत नाही. ठाऊक नसताना मुळी दिली नाहीत, म्हणून मी जगले. पण मावशी, चूक तुमची झाली आणि कळा मला सोसाव्या लागल्या."

मावशी उठली. घरी जाऊन तिने तो कर्णा काढून टाकला आणि शांत माणसाकडचा राखणदार बसवला. मग काठी टेकत ती दारोदार फिरली, एकेका बाळंतपणाची हकिकत पुन्हा विचारून लिहिली, आणि या वेळी तिची दुसरी प्रत कुंभाराच्या घरी ठेवली. ज्या आया हयात नव्हत्या, त्यांच्या नावापुढची जागा मात्र कोरीच राहिली.

तात्पर्य: राखणदार किती ओरडतो हे पाहू नये, तो चोराला अडवतो का हे पाहावं.