नाव हरवलेल्या लेकीची कहाणी

ऐक उमामाये, तुझी कहाणी.

आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राजाला राणी होती, आणि राणीचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. मग राजाचं तरी आपण कशाला विचारायचं? आपली कहाणी नगराबाहेरच्या महादेवाच्या देवळातली. तिथं एक गुरव राहत होता. त्याची बायको आवडा. गुरव देवाला न्हाऊ घाली, बेल वाही. आवडा पळसाची पानं काड्यांनी टाचून पत्रावळ्या लावी. त्यावर घर चाले. घरात एकच लेक. आवडेनं आपल्या आजीवरून तिचं नाव भिवरा ठेवलं होतं.

देवळाच्या ओवरीत पंतोजींची शाळा भरे. मुलगे ओळीनं बसत. मुलींना जागा नाही. आवडा एकदा जाऊन विचारून आली. पंतोजी म्हणाले, "गुरवीणबाई, तिला पानं टाचायला शिकवा. पाटी घेऊन ती काय करणार?" आवडा खाली मान घालून परत आली. पण ओवरी रोज तीच झाडत होती. झाडता झाडता जे कानावर, नजरेला पडलं होतं, ते तिनं गोळा केलं आणि घरीच शाळा मांडली. सुपात राख पसरली, लेकीकडून अक्षरं गिरवून घेतली. पानं टाचता टाचता पुराणातल्या कथा सांगितल्या. पोर हुशार. बोट राखेत, डोळे आईच्या तोंडाकडे.

आता चूक कुठं झाली ती ऐका. आवडेनं कथा जशा ओवरीतून ऐकल्या तशाच सांगितल्या.

एके दिवशी सांगितलं, देवांनी आणि दैत्यांनी समुद्र घुसळला. घोडा निघाला, हत्ती निघाला, झाड निघालं, लक्ष्मी निघाली. ज्याला जे हवं ते त्यानं घेतलं. भिवरा म्हणाली, "आई, लक्ष्मी काय घोडा आहे, कुणीही घ्यायला? तिला विचारलं का कुणी?" आवडा म्हणाली, "तिचं काय करायचंय? पान टाच."

दुसऱ्या दिवशी सांगितलं, भगीरथानं तप केलं, गंगा खाली आणली, शंकरानं ती जटेत धरली. भिवरा म्हणाली, "आई, एवढी उंचावरून आली, ती काहीच बोलली नाही? घागर होती का ती, उचलून आणायला?" आवडा म्हणाली, "तिचं काय करायचंय? पान टाच."

तिसऱ्या दिवशी सांगितलं, देवांनी लढाई जिंकली, देवांना गर्व चढला. तेव्हा समोर कुणी अनोळखी येऊन उभं राहिलं. त्यानं गवताची काडी पुढं टाकली. अग्नीला ती जळेना, वाऱ्याला ती हलेना. मग इंद्राला परब्रह्म कळलं. भिवरा म्हणाली, "कळलं कसं? कुणी सांगितलं?" "कुणी बाई होती म्हणे तिथं." "कोण बाई?" आवडा म्हणाली, "तिचं काय करायचंय? पान टाच."

देवळाच्या मागच्या कोनाड्यात उमा होती. तिनं तिन्ही वेळा ऐकलं. पण देवी घाई करीत नाही. ती गप्प राहिली. भिवराही गप्प झाली. विचारायची ती विचारीनाशी झाली. आवडा मनात म्हणाली, पोर शहाणी झाली.

पुढं भिवरा लग्नाची झाली. पलीकडच्या गावचं स्थळ आलं. मांडव पडला, अक्षता पडल्या. मग सुनेचं नवं नाव ठेवायची वेळ आली. ताटात तांदूळ पसरले. नवऱ्यानं अंगठी काढून हातात घेतली. तेवढ्यात भिवरानं काय केलं? ताट आपल्याकडं ओढलं आणि बोटानं तांदळात आपलं नाव लिहिलं. भिवरा. चांगलं ठसठशीत लिहिलं, आईनं राखेत शिकवलं तसं.

सासू म्हणाली, "अगो बाई! लिहिते का ही? काय लिहिलं?" सगळ्यांचे डोळे आवडेकडं. आवडा लाजेनं अर्धी झाली. म्हणाली, "काही नाही हो, विहीणबाई. जुनं नाव आहे. त्याचं आता काय करायचंय?" आणि आपल्या हातानं तिनं तांदूळ सारखे केले. मग नवऱ्यानं अंगठीनं वर लिहिलं, रमा. लोकांनी साखर वाटून खाल्ली.

कोनाड्यातली उमा तिथून उठली. कोनाडा रिकामा झाला. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

श्रावण लागला. पंचमी आली. गावोगाव लेकी माहेरी आल्या. आवडा लेकीला न्यायला गेली. दारात उभी राहिली, हाक मारली, "भिवरा!" आतून कुणी ओ देईना. सासू बाहेर आली. म्हणाली, "या, विहीणबाई. कुणाला हाक मारता? इथं भिवरा कुणी नाही."

"माझी लेक हो."

"आमची सून आहे, रमा. सूनबाई, बाहेर ये बघू. बघ कोण आलंय."

लेक बाहेर आली. हात पिठानं भरलेले. आईकडं बघितलं. ओळख लागेना. म्हणाली, "सासूबाई, पाणी देऊ का ह्यांना?"

आवडा म्हणाली, "अगं, मी तुझी आई. माहेरी चल. झोका बांधलाय."

लेक म्हणाली, "माहेर? मला कुठलं माहेर?" हे ती रागानं बोलली असती तर आवडेनं सोसलं असतं. ती रागावली नव्हती. गोठ्यातली गाय बघते तशी बघत होती. पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. सासू म्हणाली, "गुणाची आहे पोर. एक शब्द बोलत नाही. सांगेन ते करते." आवडेनं पाण्याला तोंड लावलं नाही.

ती परत निघाली. वाटेत बाजार लागला. एक बाई कमळं विकत बसली होती. आवडेला रडताना बघून म्हणाली, "का गं रडतेस?" आवडा म्हणाली, "माझी लेक मला ओळखीना." बाई म्हणाली, "कशी ओळखेल? माझं रमा हे नाव तिच्या गळ्यात अडकवू दिलंस, आणि मी कोण ते सांगितलंस का? समुद्रातून मी निघाले. हातात माळ होती. सगळे रांगेनं उभे. एक तपस्वी, पण कोपिष्ट. एक बलवान, पण दयामाया नाही. एकेकाला नीट पारखलं. मला कुणी घेतलं नाही, बये. मी निवडलं." आवडेनं डोळे पुसले. बघते तो बाई नाही, कमळंही नाहीत.

पुढं नदी लागली. एक बाई काठावर धुणं आपटत होती. ती म्हणाली, "का गं रडतेस?" आवडा म्हणाली, "माझी लेक मला ओळखीना." बाई म्हणाली, "मलाही तू मुकीच केलंस. भगीरथ आला तेव्हा मी त्याला दोन गोष्टी विचारल्या. म्हटलं, मी पडले तर पृथ्वी फुटेल, मला झेलणार कोण? आणि सगळं जग माझ्यात पाप धुणार, मग ते मी कुठं धुऊ? त्याचं उत्तर मिळालं तेव्हा उतरले. उगाच नाही उतरले." धुणं पिळलं आणि बाई पाण्यात दिसेनाशी झाली.

पुढं माळ लागला. एक बाई गवत कापत होती. आवडा तिच्यापुढं बसलीच. म्हणाली, "माये, तू कोण ते मला कळलं. देवांना जे कळलं नाही ते इंद्राला तू सांगितलंस. तू उमा. आमच्याच देवळाच्या मागच्या कोनाड्यात बसली होतीस, आणि मी लेकीला म्हटलं, कुणी बाई होती."

उमा म्हणाली, "तिचं काय करायचंय, असं तीनदा म्हणालीस. आणि चौथ्यांदा पोटच्या पोरीच्या नावाला म्हणालीस."

आवडेला रडू फुटलं. "मग मला शिक्षा कर. पोरीला कशाला?"

"मी कुठं केली? पोर तुझ्याकडूनच शिकली. गोष्टीतल्या बाईचं काही करायचं नसतं, हे तिनं मन लावून ऐकलं. आता ती स्वतःच गोष्टीतली बाई झाली आहे."

आवडा म्हणाली, "वसा सांग. मी घेते."

उमा म्हणाली, "घेशील, पण उतशील, मातशील, पंतोजीला बघून लाजशील."

"लाजणार नाही. एकदा लाजले, लेक गेली."

"तर ऐक. श्रावणातल्या शुक्रवारी लेकरं जवळ घ्यावीत, मुलगे आणि मुली दोन्ही. मुठीत तांदूळ द्यावेत. समोर एक पान मांडावं. जुनी कोणतीही कथा सांगावी. कथेत बाई आली की थांबावं. तिचं नाव सांगावं. ती काय करीत होती, काय बोलली, ते सांगावं, आणि लेकरांनी तिच्या नावानं पानावर दाणा ठेवावा. ठाऊक नसेल तर थोरल्या बाईला विचारावं. तिलाही ठाऊक नसेल तर खोटं रचू नये. हिचं नाव कुणी राखलं नाही, असं तोंडानं म्हणावं, आणि दाणा ठेवावाच. लेकरू विचारील तर त्याला गप्प करू नये. आणि तुझ्या लेकीला तिचं नाव तू सांगायचं नाहीस. ते तिनं आपण घेतलं तरच तिचं."

पहिला शुक्रवार आला. व्याह्यांच्या घरी सवाष्णी जेवायच्या होत्या, पत्रावळ्या हव्या होत्या. आवडा पानांचा भारा डोक्यावर घेऊन गेली. म्हणाली, "विहीणबाई, इथंच ओसरीवर लावून देते." सासू म्हणाली, "लावा. पण सुनेच्या मागं लागू नका." आवडा म्हणाली, "नाही लागत."

ओसरीवर घरातली लेकरं जमली. आवडेनं मुठी तांदळानं भरल्या. लक्ष्मीची कथा सांगितली, माळ हातात घेऊन सगळ्यांना पारखणाऱ्या लक्ष्मीची. लेकरांनी दाणा ठेवला. आतलं जातं थांबलं.

दुसरा शुक्रवार आला. आवडा पुन्हा गेली. गंगेची कथा सांगितली, उतरण्याआधी दोन प्रश्न विचारणाऱ्या गंगेची. लेकरांनी दाणा ठेवला. लेक दाराच्या चौकटीला येऊन टेकली.

तिसरा शुक्रवार आला. आवडेनं उमेची कथा सांगितली. काडी पडली, अग्नी हरला, वारा हरला, इंद्र हात जोडून उभा राहिला. मग तिथं उमा आली आणि तिनं सांगितलं, ही ताकद तुमची नव्हे. लेक ओसरीवर येऊन बसली होती. तिनं तोंड उघडलं. आवाज गंजलेला.

"उमेची आई कोण?"

आवडेचा हात पानावरच थांबला. म्हणाली, "मेना. हिमालयाची बायको नुसती नव्हे. पोर तपाला निघाली तेव्हा हात धरून, उ, मा, म्हणजे अगं, नको, म्हणाली ती. तिथूनच पोरीला उमा म्हणायला लागले."

"आणि पोरीनं ऐकलं?"

"नाही ऐकलं. गेली."

लेकीनं मेनेच्या नावानं दाणा ठेवला. मग म्हणाली, "तुझं नाव काय?"

"आवडा."

"तुझ्या आजीचं?"

आवडेच्या ओठावर नाव आलं. तिनं ओठ दातांखाली दाबले. डोळे वाहू लागले, पण शब्द काढला नाही. लेक तिच्याकडं बघत राहिली. ते रडणारं तोंड बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भिवरा. तिचंही भिवरा, आणि माझंही." आणि आईच्या मांडीवर तिनं डोकं ठेवलं. "आई, एवढा उशीर का केलास गं?"

सासू आतून तरातरा आली. "काय चाललंय? ह्या घरात रमा आहे. भिवरा-बिवरा चालायचं नाही. हे पान उचला आधी!"

आवडा म्हणाली, "उचलते. एक दाणा राहिलाय. विहीणबाई, तुमचं नाव काय?"

"माझं? मी जानोजीची आई."

"ते लेकाचं झालं. तुमचं?"

"थोरल्या वाड्याची सून."

"ते वाड्याचं झालं. तुमचं?"

"तात्यांची... " सासू थांबली. तोंड उघडं राहिलं. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. तुळशीकडं बघितलं. मग मटकन खाली बसली. "मला आठवेना," म्हणाली. "अगं, मला खरंच आठवेना."

कुणी हसलं नाही. भिवरा उठली आणि सासूच्या पाठीवर हात ठेवून बसली. म्हणाली, "सासूबाई, तुमची आई तुम्हाला जेवायला कशी बोलवायची?"

सासूनं डोळे मिटले. मग तिच्या तोंडातून बारीक, लहान मुलीसारखा आवाज आला.

"गोजरा. ये गं गोजरा, भात निवतो. अशी बोलवायची. तिच्यामागं कुणी बोलावलं नाही."

तिच्या धाकट्या नातीनं मूठ उघडली, पानावर दाणा ठेवला आणि म्हणाली, "गोजराआजी, जेवायला चल. भात निवतो." आणि म्हातारी पदरात तोंड घालून हसत रडली, रडत हसली.

तिकडं देवळाच्या मागच्या कोनाड्यात उमा परत येऊन बसली.

आवडेनं वसा सोडला नाही. पंतोजींच्या ओवरीसमोर पान मांडून बसली, तरी लाजली नाही. तिला जशी तिची लेक भेटली, भिवराला जसं माहेर भेटलं, गोजराबाईला जशी तिच्या आईची हाक भेटली, तशी तुम्हां आम्हां सगळ्यांना भेटो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरीं सांगितली, तिच्यातल्या सगळ्या बायांसकट सुफळ संपूर्ण.