पावणाईचा जर्मन चंबू

पोफळवेळच्या पावणाईच्या देवळात, गाभाऱ्याच्या उजव्या हाताला एक कोनाडा आहे. त्यात राखी रंगाचा, फुगीर पोटाचा, जाडजूड कानाचा एक चंबू ठेवलेला असतो. लोणच्याच्या बरणीसारखा दगडी मातीचा, अंगावर निळी वेलबुट्टी. गावात त्याला जर्मन चंबू म्हणतात. जर्मन म्हटल्यावर पाहुणे अल्युमिनियमचे भांडे शोधू लागतात, आणि म्हातारे गुरव खुशीत येऊन म्हणतात, "ता न्हय ओ! ह्यो खरोखरचो, जर्मनीसून इलेलो." मग ते पायरीवर बसकण मारतात आणि हकिकत सुरू होते.

चार पिढ्यांपूर्वीची गोष्ट म्हणे. गावात दोन वाड्या आणि मधून वाहणारा वहाळ. वरच्या वाडीचे मानकरी विसराम राणे, खालच्या वाडीचे धाकू परब. चैत्रातल्या जत्रेला दोघेही आपापल्या घरची तांब्याची मानाची घागर कोकमाचे सरबत भरून आणायचे. कोणाची घागर जास्त चकाकते यावर वर्षभर चुरस चाले. चिंच आणि राख लावून दोन्ही घरच्या बायका घागरी आतून-बाहेरून घासत, इतक्या की आतली कल्हई पार निघून गेली. कल्हईवाला दारावरून ओरडत जाई, पण मानाच्या घागरीला परक्याचा हात लावू द्यायला दोघेही तयार नव्हते. व्हायचे तेच झाले. एका जत्रेत सरबत उघड्या तांब्याला लागून कळकले आणि सारा गाव पोट धरून बसला. "राण्यांनी वीख घातला," परब म्हणाले. "परबांनी," राणे म्हणाले. जत्रा बंद पडली आणि वहाळ ओलांडणेही बंद झाले.

यात भरडली गेली ती आवडू. विसराम राण्यांची ती लेक आणि धाकू परबांची सून. तिचे माहेर पडवीतून दिसत होते, आईने चूल पेटवली की धूरसुद्धा दिसे, पण जायची सोय नव्हती. त्याच वर्षी आवडूला मुलगी झाली. आजीने नात पाहिली ती वहाळापलीकडून, हात उंच करून दाखवलेली. त्या दिवशी आवडूने पावणाईला नवस बोलला, आईच्या हातचे मिळेपर्यंत कोकम तोंडात घालणार नाही. कोकणातल्या बाईने असे बोलणे म्हणजे काय, ते कोकणातल्यांनाच कळेल. तीन वर्षे ती बिचारी नुसत्या डाळीवर भात गिळत होती.

चौथ्या वर्षी शिमगा झाला आणि एक जहाज डोलकाठी मोडून खाडीत आले. त्यावरचा एक जर्मन खलाशी तापाने फणफणला होता, त्याला परबांच्या पडवीत आणून निजवले. नाव मातियास, गावाने केले मात्या. ताप उतरल्यावर परक्याला घराण्याचा थाट दिसावा म्हणून धाकूंनी मानाची घागर काढली आणि रात्रभर तीत ठेवलेले सरबत त्याला पाजले. मात्याने एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि अंगणात थुंकला. मग घागरीत डोकावून त्याने नखाने उघडे तांबे खरवडून दाखवले. धाकू असे खवळले की विचारू नका.

मात्याने मात्र आपल्या पेटीतून चंबू काढला, ताजे सरबत त्यात भरले आणि दुसऱ्या दिवशी मिटक्या मारत प्याला. त्याच्या मुलखात म्हणे अशा चंबूतून सफरचंदांची आंबट दारू वाढतात. हे त्याने हातवाऱ्यांनी सांगितले. सफरचंद कोणी पाहिलेले? गावाने तो आंबट पेरू धरला. दाराआडून बघणाऱ्या आवडूला मात्र जे समजायचे ते समजले. जहाज दुरुस्त झाल्यावर निघताना मात्याने तो चंबू तिलाच दिला. तिनेच त्याला पंधरा दिवस पेज भरवली होती.

जत्रेच्या तिथीला दोन्ही मानकरी भांडण्यासाठी का होईना, देवळात येत. आदल्या दिवशी आवडूने वहाळाच्या काठावर जाऊन आईला हाक मारली, "आये, आज तुमची घागर भरून ठेव, आणि उद्या देवळात घेऊन ये!" सकाळी मायलेकी दोन दिशांनी आल्या, आवडू सासरची रात्रभर भरलेली घागर आणि चंबू घेऊन. तीन वर्षांनी समोरासमोर उभ्या राहिल्या, डोळे भरले, पण आधी काम. आवडूने केळीच्या पानांचे तीन द्रोण मांडले. एकात राण्यांच्या घागरीतले सरबत, एकात परबांच्या, एकात चंबूतले. पहिली दोन्ही हिरवट पडलेली, वास मारणारी. तिसरे लालचुटूक.

"बाबानू, मामांजीनू," ती म्हणाली, "कोणी कोणाक वीख घालूक नाय. घागरींका कल्हय नाय!"

दोघांनी वास घेतला, एकमेकांकडे पाहिले आणि चोरी पकडलेल्या पोरांसारखे हसले. सगळे देऊळ हसले. पण चंबूतला पहिला पेला कोणाचा, असे कोणीतरी विचारले मात्र, पुन्हा बाह्या सरसावल्या गेल्या. तेव्हाच्या गुरवांनी तोड काढली. चंबू परक्याचा, तर पहिला मानही परक्यालाच. सगळ्यांना पटले, पण मात्या तर समुद्रात पोचला होता. आता परका आणायचा कुठून?

"सासरी माका वरच्या वाडीची म्हणतत," आवडू म्हणाली, "म्हायेरी खालच्या वाडीची. मगे परकी ती मीच ना?"

विसराम राणे बाह्या खाली करत लेकीला म्हणाले, "घे चेडवा, आधी तूच पी."

"आयेन ओतल्यार पितंय," आवडू म्हणाली. आईने चंबू उचलला आणि ओतले. मग आवडू लेकीला कडेवर घेऊन, कोणालाही न विचारता, आईबरोबर वहाळ ओलांडून गेली.

आजही चैत्री जत्रेत चंबूतले पहिले सरबत सासुरवाशिणींना मिळते. मुंबई-पुण्याहून लेकी त्यासाठी येतात. आई ओतते, लेक पिते, आणि मानकरी आपली पाळी येईपर्यंत रांगेच्या शेवटी उभे राहतात. जिची आई आता नाही, तिच्यासाठी मात्र तिच्या माहेरच्या वाडीचा मानकरी रांग सोडून पुढे येतो, चंबू दोन्ही हातांनी धरतो, वाकून तिला ओततो आणि विचारतो, "चेडवा, घराक कधी येतंस?"