प्रलयाची कोरी पाठ

दोष विश्राम आबांचाच.

चित्रकथीच्या पोथीतली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवायची, एवढं त्यांनी हाताखाली शिकणाऱ्या परागला शिकवलं. का, ते नाही. विचारलं की म्हणायचे, "रीत आसा." म्हाताऱ्यांचं हे नेहमीचंच. जिथे स्वतःचा हात भाजला, नेमकी तीच जागा दाखवायची नाही, आणि वर रीत म्हणून ठोकून द्यायचं.

आबा एके काळी देवळात चित्र हातात धरून कथा गायचे, म्हणे. आता घोगरं, तुटक बोलायचे. गाणं का सुटलं, हे विचारायची सोय नव्हती.

पराग शहरात गेला. पोथी, रीत, सगळं लाथाडून त्याने भल्यामोठ्या कॅनव्हासवर प्रलय रंगवला. बुडालेले उड्डाणपूल. मोबाइलच्या टॉवरवर उघडलेला शंकराचा तिसरा डोळा. कल्कीचा घोडा, वर स्वार नाही. प्रदर्शनात लोक त्यासमोर गप्प झाले. गॅलरीवाल्यांनी असलीच आणखी मागितली.

त्यानंतर त्याला ब्रश धरवेना.

चित्र टेम्पोत घालून तो आबांच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काय चुकलं, आबा? खोलीत शिरवत नाही. चित्र भिंतीकडे फिरवून ठेवलं, तरी मागे पाणी चढतंय असं वाटतं."

आबांनी चित्र न्याहाळलं. "बाळ खंय आसा?"

प्रलयानंतर वडाच्या पानावर तरंगणारं, पायाचा अंगठा चोखणारं बाळ. पोथीत ते प्रलयाच्या पाठीला चिकटवलेलं असतं.

"नाही काढलं. बाळ दिसलं की भीती जाते. मला भीती हवी होती."

"गावली मा?"

"टोमणे पुरे! जन्मभर तेच मारलेत. आता तरी काही शिकवा."

आबा उठले. ऐकणारे बसतात तसे खाली मातीत जाऊन बसले.

"उबो रव. चित्राचा तोंड माझ्याकडे कर. सांग कथा."

परागने कॅनव्हास उभा धरला. प्रलय आबांकडे. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर मागचं कोरं कापड, लाकडी चौकट, खिळे.

"पाणी चढलं," तो म्हणाला. "पूल बुडाले. देवळं बुडाली. डोळा उघडला..."

"फुडे?"

परागने कापडाकडे पाहिलं.

"फुडे काय, झिला?"

भर ऊन होतं. कोंबड्या माती उकरत होत्या. परागच्या घोट्यांना मात्र गार लागत होतं, आणि खाली बघायचा धीर होत नव्हता.

"पुढे काही नाही."

"मगे ह्या माणसांका घराक कशी धाडतलंस?"

अंगणात आबांशिवाय कुणी नव्हतं. तरीही चौकटीपलीकडे माणसं बसलेली असतील, या भीतीने परागने तिकडे पाहिलं नाही.

मग तो उसळला. "तुम्हाला ठाऊक होतं! सगळं ठाऊक होतं, आणि रीत, रीत करत बसलात!"

आबांनी हात गळ्यावर ठेवला.

"माझो प्रलय लय बरो झाललो. बाळाच्या चित्राक चिकटवूक जीव होवक नाय. एकलोच घेवन देवळात उबो रवलंय."

"मग?"

आबांची नजर त्या बिनस्वाराच्या घोड्यावरून हलली नाही.

"माझो आवाज थंयच गेलो. परत येवक नाय."