येसाईची दोरी

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नये. सांगणाऱ्याला ठाऊक नाही, आणि ज्याच्या तोंडून त्यानं ऐकली त्यालाही ठाऊक नव्हतं. एवढं मात्र खरं, की तेव्हा सावरखिंडीत एकाही घरावर कौल नव्हतं आणि पत्रा तर कुणी पाहिलेलाच नव्हता. सगळी घरं गवतानं शाकारलेली.

खिंड म्हणजे माणसांची वाट, तशी वाऱ्याचीही. दुपार कलली की खालून वारा सुटायचा आणि वरपर्यंत धावत जायचा. त्या वाऱ्याच्या धाकानं घरं एकमेकांना चिकटून उभी होती, एकाच आळीत, वळचणीला वळचण लावून. आळीच्या एका टोकाला दूध उतू गेलं की दुसऱ्या टोकाचं मांजर छपरांवरूनच यायचं, जमिनीला पाय न लावता, असं म्हणतात. मांजराची जशी सोय होती, तशीच आगीचीही होती.

आणि आग यायची. चैत्र-वैशाखात डोंगरावर राब भाजायचे, म्हणजे पेरणीआधी शेतातला पालापाचोळा जाळायचे दिवस. त्याच दिवसांत सावरीची बोंडं फुटायची, कापूस उडायचा. एखादं कापसाचं बोंड पेटून वाऱ्यावर तरंगत खाली आलं की कुणाच्या तरी छपराचं दैव फिरलंच. मग सावरखिंडकर काय करायचे? जो तो आपल्या घराकडे पळायचा. आपली घागर, आपलं छप्पर. शेजारचं घर डोळ्यांदेखत पेटलेलं असलं तरी माणूस आपल्याच गवतावर पाणी शिंपडत बसायचा, आणि शेजारी संपला की त्याची पाळी यायची. गाव वाईट नव्हतं बरं का! कुणाच्या घरी मयत झाली तर गावात चूल पेटायची नाही, लग्न निघालं तर अख्खी आळी राबायची. पण धूर दिसला की प्रत्येकाला फक्त आपलंच घर दिसायचं.

अशा त्या गावात खंडू नावाचा शाकारणी करणारा होता, आणि येसाई त्याची बायको. गवत शाकारायला माणसं दोन लागतात. एक छपरावर, एक घराच्या आत. वरचा माणूस बांबूची हातभर लांब सुई गवतातून खाली खुपसतो. खालचा सुईतली वाखाची दोरी वाशाला गुंडाळून, गाठ मारून सुई पुन्हा वर पाठवतो. खंडू वर असायचा, येसाई आत. गवताच्या थरामुळं दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. खंडू वरून म्हणायचा, "दे." येसाई सुई वर सारत म्हणायची, "घे." दे, घे, दे, घे. सावरखिंडीतल्या प्रत्येक घरात हा आवाज दर उन्हाळ्यात घुमायचा. त्यांचा सगळा संसार याच दोन शब्दांवर चालला होता, असं म्हणतात. येसाईच्या गाठीचं तर नावच होतं. वादळात झाड मोडेल पण येसाईची गाठ सुटायची नाही, असं लोक कौतुकानं सांगायचे.

एका वैशाखात आळीच्या खालच्या अंगाला आग लागली. खंडू धावला. एका म्हातारीच्या घरावर चढून तो गवत सोडवायला लागला, म्हणजे पुढं पेटायला काही उरणार नाही. पण गवत सुटेना. गाठी तशाच घट्ट, कोरड्या ठणठणीत. ओढून ओढून त्याचे हात सोलवटले. शेवटी ते छप्पर त्याला घेऊनच खाली आलं.

लोक येसाईच्या दारात बसून रडले. एकजण म्हणाला, "गाठ मातुर पक्की व्हती गं. शेवटपातुर सुटली न्हाई." तो बिचारा बरं बोलायला म्हणूनच बोलला. येसाईनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ती गाठ तिचीच होती. 

आभाळ भरून यायला लागलं आणि गावाला छपरांची आठवण झाली. शाकारणार कोण? एके दिवशी सकाळी लोक बघतात, तर येसाई पदर खोचून एका घरावर चढलेली. बाईमाणूस छपरावर! कुजबूज झाली, नाकं मुरडली गेली. पण पाऊस कुणाच्या नाकासाठी थांबत नाही, म्हणून गाव गप्प बसलं. आत गाठी मारायला त्या त्या घरची सून नाहीतर सासू उभी राहायची. येसाई वरून म्हणायची, "दे." आतून आवाज यायचा, "घे गं आत्या."

तेव्हा तिनं शाकारणीची रीतच बदलली. आता एकेक गाठ वेगळी नसायची. सगळ्या गाठी एकाच लांब दोरीत ओवलेल्या असायच्या, आणि त्या दोरीचं टोक वळचणीतून दाराशी लोंबत ठेवलेलं. वरून वादळ येऊ दे, छप्पर हलायचं नाही. खालून ते टोक जोर लावून ओढलं की दोन्ही बाजूंचं गवत सरसरत जमिनीवर. येसाई प्रत्येक घरी सांगायची, "आग आली तर पेटल्या घराचा नाद सोडायचा. त्याच्या फुडचं घर उघडं करायचं. आगीला खायाला काय गावलं न्हाई म्हंजी ती बसती."

लोक हसले. घराला शेपूट फुटलं म्हणाले. म्हाताऱ्यांना तर ते अशुभच वाटलं. घर पडायची दोरी कुणी दारात टांगतं का? तरी खंडूच्या बायकोचं मन कसं मोडायचं, म्हणून ठेवली.

आणि तशी ती राहिलीही असती. पण आळीच्या मध्यावर येसाईच्या घराला लागून रायबाचं घर होतं, आणि रायबाच्या खालच्या अंगाला त्याचा धाकटा भाऊ सिदू. दोघांचं परसातल्या फणसावरून वाजलं. भर श्रावणात, रायबाची बायको भाकरी थापत असताना, सिदूनं रागाच्या भरात भावाच्या घराची दोरी ओढली. चूल, तवा, पीठ, सगळ्यावर आभाळ. रायबाची बायको डोक्यावर परात धरून रस्त्यात उभी राहिली आणि तिनं दिराचा जो उद्धार केला, तो म्हणे दोन डोंगर पलीकडे ऐकू गेला.

झालं. त्याच दिवशी सगळ्या आळीनं आपापल्या दोऱ्या वर खोचल्या आणि वाशाला करकचून बांधून टाकल्या. रायबानं तर छप्पर पुन्हा शाकारून घेतल्यावर आपल्या दोरीला एवढ्या गाठी मारल्या की त्याच्या सात पिढ्यांना सुटू नयेत. येसाईनं ते पाहिलं. ती दारोदार फिरली. "सोडा रं दोरी," म्हणाली. लोक "व्हय आत्या, सोडतो की" म्हणायचे आणि बैलांना पाणी दाखवायला निघून जायचे. सगळ्या गावात एकच दोरी लोंबत राहिली. ती येसाईच्या घराची.

त्या घरावर खंडूनं मरणाआधी शेवटची शाकारणी केली होती. येसाईनं त्यात दोरी तेवढी ओवली होती. गवताला मात्र हात लावला नव्हता. गळेल तिथं नवी पेंढी खुपसायची, पण खंडूची पेंढी काढायची नाही. घरात पडल्या पडल्या वर बघितलं की तिला त्याची सुई कुठून कुठं गेली ते दिसायचं. तिच्यापाशी त्याचं तेवढंच उरलं होतं.

मग तो दिवस आला. वैशाखातली कलती दुपार, वारा नुकता सुटलेला. डोंगरावरून सावरीचा पेटता कापूस आला आणि आळीच्या खालच्या टोकाला बसला. बघता बघता ते घर गेलं, त्याच्या वरचं गेलं. आणि गावानं काय केलं? तेच केलं, जे आजा-पणजा करत आले होते. जो तो आपल्या घागरीनिशी आपल्या छपराखाली.

येसाई आळीच्या मधोमध उभी राहून ओरडली, "घरं उघडी करा! दोऱ्या वढा!" काहींनी हात घातलेही. पण पावसात भिजून उन्हात वाळलेल्या त्या गाठी. सुटतात कुठल्या? आगीनं एकेक घर ओलांडत सिदूचं घर धरलं. पुढं रायबाचं, त्यापुढं येसाईचं, आणि त्यापुढं वरची सगळी आळी, लेकराबाळांनी भरलेली.

येसाई आपल्या दाराशी आली. दोरीचं टोक तिनं हातात घेतलं आणि क्षणभर वर पाहिलं. फार वाईट वाटलं तिला. का वाटू नये? मग तिनं डोळे मिटले आणि ओढ दिली.

असं म्हणतात, की तेव्हा त्या रिकाम्या छपरावरून एक आवाज आला. अगदी रोजच्यासारखा, काम करताना यायचा तसा. "दे." आळीतल्या सगळ्यांनी तो ऐकला. आणि खालून येसाई म्हणाली, "घे." सगळं छप्पर एका दमात सरसरत खाली आलं, त्याची एक काडीही तुटली नाही, आणि तेवढ्यापुरता वाराही पडला, असं म्हणतात.

आवाजानं असेल किंवा येसाईच्या उघड्या घराकडे बघून असेल, पण गाव भानावर आलं. सिदू कोयता घेऊन धावत आला. त्याचं स्वतःचं घर पाठीमागं जळत होतं. रायबा दारात आडवा झाला. "माज्या घराला पुन्यांदा हात लावशील?"

"दादा," सिदू म्हणाला, "माजं तर गेलं. तुजं तरी उघडं करू दे. आत्याचं एकटीचं किती पुरंल?"

रायबानं एकदा येसाईकडे पाहिलं, आणि खाली बसून भावाला खांद्यावर उभं केलं. सिदूनं सगळ्या गाठी कोयत्यानं तोडल्या, आणि दोघा भावांनी मिळून दोरी ओढली.

मग बाकीचे कामाला लागले. बायकांनी पडलेलं गवत ओढून लांब नेलं. आळीच्या वरच्या टोकाच्या पाण्याच्या टाक्यापासून त्या दोन उघड्या घरांपर्यंत माणसांची रांग लागली, आणि घागर हातोहात यायला लागली. प्रत्येकजण पुढच्याच्या हातात घागर देताना म्हणायचा, "घे." हे कुणी ठरवलं नव्हतं. घे, घे, घे. खालून आग आली, दोन ओल्या उघड्या घरांपाशी थबकली, इकडंतिकडं जीभ फिरवून पाहिली आणि उपाशी बसली. वरची आळी वाचली.

संध्याकाळी वरच्या आळीतली माणसं आपापल्या छपरातली एकेक पेंढी उपसून घेऊन आली. ती सगळी येसाईच्या दारात उभी राहिली. रायबा म्हणाला, "आत्या, पयलं तुजं घर शाकारू."

येसाई म्हणाली, "माजं ऱ्हाऊ द्या. ज्यांची जळली त्यांची शाकारा. ही जागा आता मोकळीच ठेवायची. फुडच्या बारीला आग हितंच थांबंल."

त्या जागेवर तिनं पुन्हा घर बांधू दिलं नाही. उरलेलं आयुष्य ती गावातल्या सगळ्या घरांत पाळीपाळीनं राहिली, आणि ज्या घरी मुक्काम असेल त्या घरची दोरी आधी तपासायची. ती गेली तेव्हा तिच्या चितेवर घालायला प्रत्येक घरानं एकेक पेंढी आणली. म्हणे त्या पेंढ्या पेटल्या पण धूर आला नाही.

आता सावरखिंड मोठं झालं आहे. घरांवर स्लॅब पडले, खाली बाजारपेठ झाली. तालुक्याचा बंब घाट चढून येईपर्यंत काही उरत नाही, म्हणून गावचं आपलं आग विझवायचं दल आहे. पंक्चर काढणारा, दोन शिंपी, डेअरीवाला, अंगणवाडीच्या बाई. कुणालाही पगार नाही. भोंगा वाजला की हातातलं काम टाकून पळायचं. गवताची गंजी पेटली, वणवा आला, गाय विहिरीत पडली, जत्रेत स्टोव्ह भडकला, तरी हीच माणसं. त्यांची पाण्याची लाल गाडी आळीच्या मधोमध, येसाईच्या मोकळ्या जागेत उभी असते, उघड्यावर. एका साहेबांनी तिथं शेड मंजूर करून दिली होती. गावानं त्यांना चहा पाजला, आभार मानले आणि शेड शाळेकडं वळवली.

वैशाखात एक दिवस मात्र त्या गाडीवर छप्पर चढतं. घरटी एक पेंढी येते, आणि गाव मिळून गवताचा मांडव शाकारतं, बांबूच्या सुईनं, एका दोरीत. दलात जो नवा आला असेल, बाप्या असो की बाई, त्यानं ती दोरी ओढायची. छप्पर खाली आलं की सगळे एकदम म्हणतात, "घे." त्याशिवाय त्याला गाडीला हात लावू देत नाहीत.

आणि आजही कुणाचं घर जळालं, तर दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याच्या दाराशी माणसांची रांग लागते. कुणाच्या हातात पातेलं, कुणाच्या हातात चादर, कुणाकडं पायलीभर तांदूळ. त्या माणसानं काही मागायचं नसतं. त्याच्यासाठीचं "दे" कुणीतरी फार वर्षांपूर्वीच म्हणून ठेवलं आहे, असं म्हणतात. लोक एकेक करून पुढं येतात, हातातली वस्तू त्याच्या हातात ठेवतात आणि एवढंच म्हणतात, "घे."